‘पाडा आणि ग्रीन बांधा’ म्हणणाऱ्यांना

पनवेलमध्ये सध्या ज्याच्या त्याच्या तोंडी एकच सल्ला आहे. घर जुनं झालंय? पाडा. सोसायटीला तीस वर्षं झाली? पाडा. पाडताना मन खात असेल तर त्यावरही उतारा तयार आहे : नवीन बांधाल ते ‘ग्रीन’ बांधा. गच्चीवर सोलर, पार्किंगमध्ये चार्जिंग पॉइंट, गेटपाशी चार पाम, लॉबीत बांबूचं पॅनेल आणि ब्रोशरच्या पहिल्याच पानावर एक हिरवं पान. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 ला झालं आणि या सल्ल्याला आणखीच धार आली. आता तर ज्याचं घर उभं आहे तो मूर्ख, अशा नजरेनं लोक बघतात.

त्यांच्यावर अन्याय नको, म्हणून त्यांचं म्हणणं आधी नीट मांडतो. ते म्हणतात : जुनी घरं कोंदट, गळकी, वाळवीनं पोखरलेली. त्यांच्यावर पैसा घालणं म्हणजे मढ्याला शृंगार. दुरुस्ती हा ऐपत नसलेल्याचा नाइलाज आहे. ज्याला परवडतं त्यानं नवं, प्रमाणपत्र मिळालेलं, वीज-पाणी वाचवणारं घर बांधावं. त्यात त्याचंही भलं आणि पृथ्वीचंही. कौलं, लाकूड, चुना वगैरे धरून बसणारे लोक भावनेच्या आहारी गेलेले, त्यांना हिशेब कळत नाही.

हिशेब कळत नाही म्हणता? मग हिशेबच करू.

हजार चौरस फुटांचं साधं आरसीसी घर धरा. चौरस फुटाला 0.4 पोतं सिमेंट आणि चार किलो सळई, हा साइटवरच्या मिस्त्रीपासून इंजिनिअरपर्यंत सगळ्यांच्या तोंडी असलेला ठोकताळा. म्हणजे 400 पोती, 20 टन सिमेंट. आणि 4 टन लोखंड. सिमेंटची भट्टी 1,450 अंशांपर्यंत तापवायला कोळसा जळतो त्याचा धूर वेगळा, आणि चुनखडी भाजताना तिच्यातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो तो वेगळा. हा दुसरा हिस्सा निम्म्याहून मोठा आहे. त्यामुळे उद्या सगळ्या भट्ट्या सूर्यावर चालवल्या तरी सिमेंटचं पाप धुऊन निघत नाही. जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा आहे तो यामुळे. आपल्याकडे सिमेंटमध्ये राख मिसळतात, म्हणून सवलत देऊन टनाला 600 किलोच धरू. पोलादाला टनामागे अडीच टन. बेरीज होते 22 टन. यात विटा, टाईल्स, काच, ॲल्युमिनियम, खडी, डंपरचं डिझेल काहीही धरलेलं नाही. जुनं घर पाडण्याचा आणि राबिट वाहून नेण्याचा खर्चही नाही.

आता जमेची बाजू. ‘ग्रीन’ घराच्या गच्चीवर 3 किलोवॅटचा सोलर बसवला, पंतप्रधान सूर्यघर योजनेत 78,000 रुपये अनुदान मिळतं तो. आपला चार महिन्यांचा पावसाळा धरून वर्षाला साधारण 4,000 युनिट होतील. कोळशावरच्या विजेचा हिशेब युनिटमागे पाऊण किलोच्या आसपास, म्हणजे वर्षाला 3 टन वाचले. केवळ सिमेंट आणि सळईचं कर्ज फेडायला सात वर्षांहून जास्त लागली. आणि खरी गंमत पुढे आहे. तो सोलर जुन्या घरावर बसत नाही, असं तुम्हाला कोणी सांगितलं? वाशांची ताकद तपासून, लागेल तिथे आधार देऊन तो कौलारू घरावर बसतो, आणि जुन्या सोसायटीच्या गच्चीवर तर विनासायास बसतो. सोसायटीच्या लिफ्ट-पंपासाठी किलोवॅटला 18,000 रुपये अनुदानही आहे. जुन्या घरावर बसवला तर पहिल्या दिवसापासून फायदा, नव्या घरावर बसवला तर सात वर्षं कर्जफेड. यातला भावनेच्या आहारी कोण गेलाय?

पण नाही. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, ही आपली रीत. वीज जास्त जळते म्हणून घर पाडायचं! 75 वॅटचा पंखा काढून 30 वॅटचा बीएलडीसी लावायला एक इलेक्ट्रिशियन आणि अर्धा तास लागतो. त्याला प्लिंथपासून सुरुवात करावी लागत नाही.

दुसरा मुद्दा पावसाचा, आणि तो मांडताना आवाज हमखास चढतो : “इथे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो साहेब, कौलांत भागत नाही, स्लॅबच पाहिजे!” इतका उलटा युक्तिवाद मी दुसरा ऐकलेला नाही. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो म्हणूनच तर कोकणातल्या माणसानं छपराला उतार दिला. सपाट गच्ची ही कोरड्या मुलखाची सोय; तिथे उन्हाळ्यात माणसं वर झोपतात आणि धान्य वाळवतात.

पटत नसेल तर पनवेलहून नवीन पनवेलला जाताना उड्डाणपुलावरून बाजूच्या इमारतींचे माथे बघा. निळा पत्रा, लाल पत्रा, हिरवा पत्रा. स्लॅब टाकला, चार-सहा पावसाळ्यांत गळायला लागला. मग ब्रिकबॅट कोबा केला, म्हणजे आधीच थकलेल्या स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचं आणि सिमेंटचं आणखी ओझं घातलं. तो तडकला. मग केमिकलवाला आला, दहा वर्षांची गॅरंटी देऊन गेला आणि तिसऱ्या वर्षी त्याचा फोन लागेना. मग डांबराच्या शीट चिकटवल्या. शेवटी कमिटीनं वर्गणी काढून लोखंडी सांगाडा उभा केला आणि त्यावर दोन बाजूंना उतार असलेला पत्रा ठोकला. म्हणजे सगळे पैसे घालवून शेवटी काय बांधलंत? पाखं! आजोबांनी पहिल्याच दिवशी बांधली होती तीच. फरक एवढाच की ती तापत नव्हती आणि पावसात बोलणं ऐकू येत होतं.

मंगलोरी कौलाला आपण ‘जुनाट’ म्हणतो. बासेल मिशननं 1865 मध्ये मंगलोरला पहिला कारखाना काढला, तेव्हा ते कौल आधुनिक तंत्रज्ञानच होतं : यंत्रात दाबलेलं, एकमेकांत खाचेनं अडकणारं, देशी नळीच्या कौलांपेक्षा वजनाला हलकं. कोकणानं ते हौसेनं उचललं. ते उलटं करून पाहा, पोटावर कारखान्याचा शिक्का असतो, वर काळं शेवाळ, आणि टिचकी मारली की खणखणतं. एक कौल फुटलं तर एक कौल बदलतं. स्लॅबला एक चीर गेली तर वॉटरप्रूफिंगवाला अख्ख्या गच्चीचं कोटेशन देतो.

हो, शाकारणीला माणसं मिळत नाहीत. हे खरं आहे. माकडं येतात आणि कौलं फोडतात, हेही खरं. (माकडांचं माझ्याकडेही उत्तर नाही.) पण शाकारणीची माणसं का मिळत नाहीत? गावातली शंभर छपरं पाडून त्यांचं काम काढून घेतलंत, आणि आता विचारता कारागीर कुठे गेले? ते तुमच्याच साइटवर सेंट्रिंगच्या फळ्या ठोकतायत.

आणि जुन्या घराची ओल? तिचा पंचनामा करायला हवा, कारण बहुतेक वेळा गुन्हेगार दुसराच असतो. दगड-चुन्याची भिंत ओल आत घेते आणि बाहेर सोडते. तिच्यावर कोणीतरी ‘मजबुतीसाठी’ सिमेंटचा गिलावा फासतो, वरून प्लास्टिक पेंट मारतो. ओल बाहेर पडायचा रस्ता बंद. दोन पावसाळ्यांत पोपडे सुटतात, भिंतीला हात लावला की मिठासारखी पांढरी भुकटी बोटांना लागते, आणि मग घरात सगळे एकमुखानं म्हणतात, “जुनं घर आहे ना, ओल धरतंच.” इलाज साधा आहे. सिमेंट खरवडून काढा, पुन्हा चुन्याचा गिलावा करा, अंगणातल्या पेव्हर ब्लॉकचा उतार भिंतीपासून बाहेरच्या बाजूला द्या. पण असं सुचवणाऱ्याला कन्सल्टन्सी फी कोण देणार?

तिसरा मुद्दा सुरक्षिततेचा. यावर थट्टा नको. महापालिका कायद्यानं 30 वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे, आणि ते असायलाच हवं. इमारत सी-1 मध्ये आली, म्हणजे राहायला अयोग्य ठरली, तर त्याच आठवड्यात सामान बांधा. तिथे मी तुमच्या विरोधात एक शब्द लिहिणार नाही. पण त्या वर्गवारीत पुढेही काही लिहिलेलं असतं. सी-2ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती. सी-2बी म्हणजे रिकामी न करता दुरुस्ती. सी-3 म्हणजे किरकोळ दुरुस्ती. चार वर्गांतले तीन दुरुस्तीचे! तरीही जनरल बॉडी मीटिंगमध्ये ‘सी-2बी’ असा अहवाल वाचला की चेहरे पडतात. डॉक्टरांनी “ऑपरेशन लागणार नाही, गोळ्यांवर भागेल” असं सांगितल्यावर हिरमुसणारा पेशंट मी फक्त हाउसिंग सोसायटीत पाहिलाय. “दुसऱ्या इंजिनिअरकडून करून घेऊ का?” असं कोणीतरी मागून हळूच विचारतं. त्या प्रश्नाचा अर्थ सगळ्यांना कळतो. काळजी जीव वाचवायची नसते, वाढीव कार्पेट एरियाची असते. असू द्या, त्यात लाज वाटायचं कारण नाही. जास्तीची खोली कोणाला नको? फक्त तिला पर्यावरण म्हणू नका.

काँक्रीट का पडतं, हेही समजून घ्यायला हरकत नाही. सळईपर्यंत पाणी पोचतं, सळई गंजते, गंजली की फुगते आणि वरचं कव्हर ढकलून पाडते. ते पाणी येतं कुठून? संडासाच्या गळक्या पाइपातून, भिंतीत रुजलेल्या पिंपळातून, तुंबलेल्या पन्हाळीतून. वेळेवर पोपडा काढून, सळई घासून, गंजरोधक लावून, पॉलिमर मॉर्टरनं भरून घेतलं तर इमारतीला पुढची बरीच वर्षं मिळतात. पिंपळ कोवळा असताना उपटायला कोणाची परवानगी लागत नाही. पण तो वीस वर्षं वाढू द्यायचा, आणि मग त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचं, “बघा, बिल्डिंग संपली.”

आणि नवं म्हणजे सुरक्षित, हे कोणी ठरवलं? 24 ऑगस्ट 2020 ला आपल्याच रायगड जिल्ह्यात, महाडला, तारिक गार्डन ही पाच मजली इमारत कोसळली. सोळा माणसं गेली. ती इमारत पेशवाईतली नव्हती. दहाएक वर्षांची होती. तिथून पनवेलपर्यंत येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना शंभर वर्षांची कौलारू घरं उभी दिसतात. वय हा निकष असता तर उलटं व्हायला हवं होतं.

इथे समोरचा माणूस आपला हुकमी पत्ता टाकतो : बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज. नवी मुंबईच्या आखणीत ज्यांचा मोठा वाटा होता त्या चार्ल्स कोरियांनी 1980 च्या दशकात सीबीडी बेलापूरला उतरत्या छपरांची छोटी घरं बांधली. प्रत्येक सात घरांच्या मध्ये एक चौक, शेजाऱ्याशी सामाईक भिंत नाही, ऐपतीप्रमाणे खोली वाढवत न्या अशी योजना. आज जाऊन बघा, मूळची बरीचशी घरं गेली आणि त्याच प्लॉटवर स्लॅबचे बंगले उभे राहिले. “लोकांनी हातोड्यानं मत दिलं,” असं हे सांगतात. लोकांनी मत दिलं ते खोल्यांना. घर 45 ते 75 चौरस मीटरच्या प्लॉटवर होतं, कुटुंब वाढलं, खोल्या लागल्या. पण त्या वाढवता याव्यात म्हणूनच तर शेजाऱ्याची भिंत वेगळी ठेवली होती! न पाडता वाढवायची सोय केलेल्या घरातही जर पहिला विचार पाडण्याचाच आला, तर दोष कौलांचा की आपल्या डोक्यात बसलेल्या समीकरणाचा? आणि एक गोष्ट हे लोक सांगायला विसरतात. ते चौक आजही वापरात आहेत. घरं बदलली, हवा आणि पोरांचा खेळ चालू राहिला तो त्या मोकळ्या जागेमुळे. तुमच्या ‘ग्रीन’ टॉवरमध्ये ती जागा पोडियम पार्किंगला जाते.

“पण आम्ही पडलो फ्लॅटवाले,” असं म्हणून बरेच जण या भांडणातून अंग काढून घेतात. त्यांचा वाटा काही कमी नाही. फ्लॅटचं पझेशन मिळालं की पहिलं काम काय? बाल्कनी आत घेणं. जी बाल्कनी पश्चिमेचं ऊन आणि पावसाची झड अडवत होती ती हॉलमध्ये गेली, तिच्या जागी काच आली, काच तापली, एसी आला. दुसरं काम, उघडणाऱ्या पल्ल्यांच्या खिडक्या काढून स्लायडिंग. दोन पल्ल्यांचं स्लायडिंग कधीही अर्धंच उघडतं, हे तुमच्याआमच्या डोळ्यांसमोर असून कोणाला दिसत नाही. केंद्र सरकारनं 2018 मध्ये इको निवास संहिता काढली. पनवेलसारख्या उष्ण-दमट हवेत घराच्या क्षेत्रफळाच्या किमान सहाव्या हिश्श्याइतकी खिडकी उघडली पाहिजे, असं ती सांगते. अर्धी खिडकी स्वतःच्या हातानं बंद करून पुन्हा पीओपीचं फॉल्स सिलिंग खाली आणायचं, आधीच ठेंगणी खोली आणखी ठेंगणी करायची, आणि मग पाच स्टारचा एसी घेतला म्हणून पर्यावरणाचं पुण्य मागायचं! त्यापेक्षा खिडकीवर छज्जा वाढवा, गच्चीवर पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांचा थर द्या, पश्चिमेला बांबूच्या ताट्या सोडा. यातल्या एकाही गोष्टीला प्रमाणपत्र मिळत नाही, म्हणून कोणी करत नाही.

पाण्याचं तर काय सांगावं. देहरंग धरण उन्हाळ्यात तळाला जातं आणि शहरात टँकर फिरतात, हे दरवर्षीचं. शंभर चौरस मीटरच्या छपरावर आपल्याकडे वर्षाला अडीच-तीन लाख लिटर पाणी पडतं. पाखाच्या कडेला पन्हाळ लावून ते परसातल्या विहिरीत सोडलं तर निदान दोन लाख लिटर जमिनीत जाईल, म्हणजे दहा हजारांचे वीस टँकर. पण विहीर कुठे आहे? ती रीडेव्हलपमेंटमध्ये बुजवली. आता तिच्यावर गाड्या उभ्या राहतात आणि शेजारी ‘रेन वॉटर हार्वेस्टिंग’ असा बोर्ड आहे.

खर्चाचं रडगाणं मात्र मला सगळ्यात ढोंगी वाटतं. पर्यावरणपूरक काम महाग आहे म्हणे. महाग काय आहे? परदेशातून आलेलं बांबू फ्लोअरिंग महाग आहे. इंपोर्टेड पेंट महाग आहे. ज्या यादीतली प्रत्येक ओळ खरेदीची आहे ती महाग असणारच. न काढलेली शहाबादी फरशी महाग नाही. पॉलिश मारून पुन्हा उभं केलेलं सागवानी दार महाग नाही. उलट ते दार तुम्ही भंगाराच्या भावात देऊन टाकता, आणि मग नेऱ्याकडच्या एखाद्या फार्महाउसवर तेच दार ‘अँटिक’ म्हणून कितीतरी पट पैशांत बसतं. विकत घेणारा शहाणा, विकणारा सुधारक! शिरढोणला वासुदेव बळवंत फडक्यांच्या घरासमोर हात जोडून उभे राहणारे लोक परत येताना वाटेतच स्वतःच्या तशाच घराच्या पाडकामाचा भाव विचारतात.

आणि या सगळ्यातलं जे कोणीच बोलत नाही ते डेब्रिज. तुमच्या ‘इको-फ्रेंडली’ नूतनीकरणात निघालेली जुनी लादी, टाईल्स, गिलावा, संडासाचं भांडं गोणीत भरून खाली उतरवलं, टेम्पो आला, रात्री गेला. कुठे गेला? तुम्ही विचारलं नाहीत. ठेकेदारानं सांगितलं नाही. खाडीकाठचा रस्ता सकाळी चालून बघा, कांदळवनाच्या कडेला कोणाच्या तरी किचनच्या फुलाफुलांच्या टाईल्स पडलेल्या दिसतील. कांदळवन तोडायला आणि तिथे भराव-कचरा टाकायला मुंबई उच्च न्यायालयानं सप्टेंबर 2018 मध्ये स्पष्ट बंदी घातली. बांधकामाचा कचरा वेगळा ठेवायचा, रस्त्यावर-नाल्यात टाकायचा नाही, हे 2016 च्या केंद्रीय नियमांत लहान घरमालकालाही लागू केलं होतं. तरीही टेम्पो रात्रीच का निघतो? आणि मग पावसाळ्यात भरतीच्या वेळी पाणी शिरलं की आपण महापालिकेच्या नावानं शंख करतो. खाडीनं तुमची लादी कुठे ठेवावी?

महापालिकेलाही दोन शब्द. 1852 पासून नगरपालिका असलेलं हे गाव 2016 मध्ये महानगर झालं. कर, परवानग्या, दाखले सगळं आलं. पाडकाम आणि नवं बांधकाम यांची वाट गुळगुळीत करणारी यंत्रणा आहे. मालमत्ता करात सवलत द्यायचीच असेल तर जो जुनं घर नीट दुरुस्त करून त्यात राहतो, विहीर जिवंत ठेवतो, त्याला द्या. डेब्रिज घेणारं एक केंद्र प्रत्येक प्रभागात उघडा, आणि तिथली पावती दाखवल्याशिवाय घरातल्या तोडफोडीची परवानगी देऊ नका.

आणि गणपतीआधी घराचं काम काढणाऱ्यांनो, ठेकेदाराकडून कोटेशन घेताना दोन जादा रकाने मागा : काय काय तोडणार, आणि तोडलेलं कुठे टाकणार. दुसऱ्या रकान्यात जागेचं नाव आणि पावतीची हमी नसेल, तर त्याला काम देऊ नका, मग त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर कितीही पानं छापलेली असोत.